गव्हाणीत काहून ठेवलं?

पुसेगावचा तांडा
२२ नोव्हेंबर २०२४

जय सेवालाल.

निता,

पत्रास कारण वगैरे लिहीत न्हाई. कारण तुला ठाऊक हाय. दोन वर्षं झाली तू गेलीस, मी काही लिहिलं न्हाई आन् तू बी न्हाई. मी चौथी शिकलेली बाई, मला एक ओळ लिहायला चहा व्हईल एवढा टाइम लागतो. तू बारावी झालेली. तुझ्या हाताला काय झालतं?

अंगणवाडीच्या मंजुषाताईनं सांगितलं की तुला परत दिवस गेले आन् आठवा सरत आला. तिला वारंगा फाट्याच्या कोण्या ताईकडून कळलं. म्हंजे साऱ्या जिल्ह्याला माहीत, आईला न्हाई. चांगलं हाय.

खरं लिहिते, मला भेव वाटून राहिलं. मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर तुझं पयलं लेकरू पोटातच गेलं. आमी कोणी आलो न्हाई. तुझ्या बापानं जाऊ दिलं न्हाई, आन् मी बी गेले न्हाई. दोन्ही लिहिते, नुसतं त्याच्यावर ढकलत न्हाई. तुझा काका भीमसिंग, तांड्याचा नाईक, चारचौघात म्हणला, "पोरीनं मरियामाचा धूप सोडला, येशूवाल्याच्या घरात गेली, देवीनं लेकरू नेलं." तवापासून दर मंगळवारी मी मरियामापुढं धूप जाळते आन् तुझं नाव घेते. देवी ऐकून राहिली का न्हाई कोण सांगावं. ती काय पावती देते?

आता नीट सांग. पाय सुजतात का. लेकरू हलतं का. डॉक्टर काय म्हणतो, तारीख कोणती. शेजारची मिराबाई म्हणते तुमचा नाताळ बी त्याच दिवसात येतो. त्यात काय करतात इचारलं तर म्हणली, केक खातात आन् चांदणी टांगतात. एवढ्यासाठी पोरगी घर सोडून गेली व्हय? केक तर हिंगोलीत बी भेटतो.

फोन करू नको. घरात एकच फोन हाय, तो तुझ्या बापाच्या खिशात असतो, झोपताना बी. पत्र मंजुषाताईच्या नावानं अंगणवाडीत टाक.

तुझी याडी
जिवनबाई


वारंगा फाटा
२ डिसेंबर

याडी,

पाकिटावरचं तुझं अक्षर बघून मी प्रेमदासच्या टायरच्या दुकानातच रडले. समोर ट्रकवाले पंक्चर काढून घेत होते, त्यांना वाटलं कोणी मेलं. दोन वर्षं "याडी" हा शब्द मी कोणाला म्हटला नाही. इथं सगळे आई म्हणतात. तो शब्द तुझ्यासाठीच पडून होता.

तारीख सव्वीस डिसेंबर दिली आहे. पाय सुजतात, चप्पल होत नाही. बी.पी. वाढलंय. आणि बाळ आडवं आहे. फिरलं नाही तर नांदेडला नेऊन ऑपरेशन करतील. हलतं, पण जरा थांबलं की माझाही श्वास थांबतो. मागच्या वेळी असंच एका दुपारी थांबलं होतं आणि मी म्हटलं झोपलं असेल. आता मी त्याला झोपूही देत नाही, बोटानं उठवते. प्रेमदास दर अर्ध्या तासाला हातात पान्हा घेऊन दारात येतो आणि विचारतो, "हललं का?" गिऱ्हाइकं हसतात. त्याला चालतं.

केक असतो, खोटं नाही बोलत. चांदणीही असते. पण ते वरचं झालं. आतलं असं आहे की नाताळाच्या आधी चार आठवडे आम्ही वाट बघतो. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवतो. काल पहिली लावली. वाट कशाची, तर लेकराची. वर्षानुवर्षं हे नुसतं पाठ म्हणणारे लोक असतात, मला या वर्षी ते अंगात कळलं. काल चर्चमध्ये आमच्या पाळकांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, मरिया माय भ्याली तो भाग सांगितला. देवदूत आला आणि पहिला शब्द काय बोलला, तर भिऊ नकोस. म्हणजे ती भ्याली होती म्हणूनच ना? ऐकून मला इतकं बरं वाटलं. मीच एकटी भित्री नाही. आता रोज दिवा लावताना मरिया माय आठवते आणि मी पोटावर हात ठेवते.

बाला सांगू नकोस मी लिहिलं म्हणून.

निता


पुसेगावचा तांडा
६ डिसेंबर

जय सेवालाल, जय मरियामा.

निता,

तू हे आधीच काहून न्हाई सांगितलं? मरियामा! तुझ्या पत्रात दोनदा लिहिलंय, मी बोट ठेवून ठेवून वाचलं. तू अजून मरियामाला मानते, दिवा लावते, पोटावर हात ठेवते. आन् आमी समजलो तू सारं सोडलं. त्या लोकात बी तिचा मान हाय हे मला ठाऊक नव्हतं. मग भांडण कशाचं व्हतं?

दम निघंना. भाकर थापता थापता तुझ्या बापाला सांगून टाकलं. तो म्हणला, "कोण म्हणलं?"

"तिच्या हातचं पत्र हाय."

"पत्रं कवापासून येऊन राहिले?"

"ते सोड, आधी ऐक."

वाचून दाखवलं. गुलाबचंद राठोडाच्या डोळ्यात पाणी मी दुसऱ्यांदा पाहिलं. पयल्या वेळचं सांगत न्हाई.

तो तसाच भीमसिंगकडं गेला. भीमसिंग म्हणला, "मरियामाला मानत असंल तर पोरगी आपलीच हाय. आणा बाळंतपणाला. देवीपुढं नारळ फोडंल, पंचाच्या पाया पडंल, झालं." सोमवारी सोळा तारखेला जीप घेऊन येऊन राहिलो. पाळणा माळ्यावरून काढला, घासला. डिंक आणला, मेथी आणली. मिराबाईनं दोन गोधड्या दिल्या, तिनं, जी तुझं नाव काढलं की थुंकायची.

एक तेवढं कळलं न्हाई. मरियामा भ्याली म्हंजे काय? देवी कवा भेते? तिला पाहून लोक भेतात. तुमच्या सुमनबाईला म्हणाव नीट वाच.

तुझी याडी


वारंगा फाटा
११ डिसेंबर

याडी,

जीप पाठवू नकोस.

तुझं पत्र कालपासून उशाखाली आहे. प्रेमदास म्हणाला, "जाऊन ये. नारळ फोडल्यानं देव काय रागावतो?" मलाही वाटलं गप्प बसावं. पाळणा घासलास, बा रडला, मिराबाईनं गोधड्या दिल्या. एका शब्दावर हे सगळं उभं आहे आणि तो शब्द तू वेगळा वाचलास. मी "मरिया माय" लिहिलं, तू "मरियामा" वाचलंस. चूक माझीच. जोडून दिसेल असं लिहायला नको होतं.

ती आपली देवी नाही, याडी. ती कोणाची देवी म्हणून या गोष्टीत येतच नाही. ती एक पोरगी होती. गरिबाघरची, लग्न ठरलेलं, माझ्याहूनही लहान. देवदूतानं सांगितलं तुझ्या पोटी लेकरू येणार, आणि लग्नाआधीचं पोट घेऊन लोकांत कसं वावरायचं, या गोष्टीला ती सामोरी गेली. तुझा प्रश्न बरोबर होता. देवी भीत नाही. पोरगी भिते.

मग दिवस भरले आणि नेमकी सरकारची शिरगणती निघाली. नवऱ्याच्या मूळ गावी जाऊन नाव लावावं लागलं. तिथं त्यांना राहायला खोली मिळाली नाही. ती गुरांच्या जागेत बाळंत झाली आणि बाळाला गव्हाणीत ठेवलं. आमचा विश्वास असा की ते बाळ म्हणजे देव. मोठा होऊन देव झाला असं नाही, तिथंच, त्या गव्हाणीतच देव. कोणी उचलून घेतल्याशिवाय ज्याचं चालणार नाही असा. त्याच्या एका नावाचा अर्थ आहे "देव आमच्यासंगं". भीती जाईल असं ते नाव म्हणत नाही. संगं असेन म्हणतं. मागच्या वर्षी बाळ गेलं तेव्हा सुमनबाई आल्या. तीन दिवस माझं धुणं धुतलं आणि खाटेशी बसल्या. त्या नावाचा अर्थ मला तेव्हा कळला. तू नव्हतीस तेव्हा. हे टोचायला लिहीत नाही. थोडं टोचायलाच लिहिते.

खोटं बोलून मी तुझ्या पाळण्यात बाळ घालणार नाही. ते आयुष्यभर त्या खोट्यावर झोके घेईल. पण मला तू पाहिजेस. मी येऊ शकत नाही. तू ये.

निता


पुसेगावचा तांडा
१५ डिसेंबर

निता,

जीपवाल्याला नको म्हणून सांगितलं.

भीमसिंग दारात येऊन गेला. "वहिनी, तुमी पंचाला खोटं सांगितलं." मी म्हणलं, "खोटं न्हाई, वाचायला चुकले." तर समदे हसले. मिराबाई बी हसली. गोधड्या परत घेऊन गेली. आता भीमसिंग म्हणतो, वारंगा फाट्याला जी जाईल तिनं तांड्यात येऊन पाणी मागू नये.

एक शब्द गिळला असता तर तुझा घसा कापला असता व्हय? दहा दिवस नारळाजवळ उभी राहिली असतीस, लेकरू झालं असतं, मग कर तुला काय करायचं ते. एवढी खरी कोणासाठी झालीस? मला इथंच राहायचं हाय. इथल्याच बाया माझ्या मयताला पाणी घालतील. मी येणार न्हाई. पाळणा माळ्यावर टाकला.

लेकरू फिरलं का ते तेवढं लिही.

आन् एक. गव्हाणीत काहून ठेवलं? खाली जागा व्हती ना? तुमच्या पाळकाला इचार.

जिवनबाई


वारंगा फाटा
२० डिसेंबर

याडी,

फिरलं नाही.

पाळकांना विचारलं. ते म्हणाले, देवाची नम्रता दिसावी म्हणून. सुमनबाई म्हणाल्या, दुसरी जागा नव्हती म्हणून. तू का विचारलंस ते मला कळलं नाही, पण तुझा प्रश्न डोक्यातून जात नाही.

काल दुपारी दोन तास बाळ हललं नाही. प्रेमदास दुकान उघडं टाकून पळत आला, मला गूळपाणी पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं. मग बाळानं एक लाथ मारली. तो दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा राहिला, माझ्याकडं पाठ करून.

चांदणी टांगली. खाटेवरून दिसते. वारा आला की कागद फडफडतो आणि मी दचकते.

मला मरायची भीती वाटते, याडी. हे मी प्रेमदासला सांगितलं नाही, सुमनबाईंनाही नाही. प्रार्थना करते आणि प्रार्थना झाल्यावरही भीती तिथंच बसलेली असते.

तू येणार नाहीस ते कळलं. राग नाही. एक कर. माझा जन्म कसा झाला ते परत लिही. लहानपणी सांगायचीस तसंच, आपल्याच घरात, पाच बाया होत्या, आणि पोरगी असूनही बानं थाळी वाजवली. ते वाचलं की मला धीर येईल.

निता


हिंगोली बसस्टँड
२४ डिसेंबर, मंगळवार

निता,

वर जय काय लिहावं याच्यात पाच मिनिटं गेली. मग जागा मोकळी सोडली. बघून घे.

हे पत्र पोस्टात टाकणार न्हाई. तुझ्या हातात देणार हाय. कारण समोर आले की मी भांडणार, मला माझं तोंड ठाऊक हाय, आन् हे सांगायचं राहून जाईल. वारंग्याची एसटी पाऊण तासानं लागते.

थाळी वाजली न्हाई. पाच बाया नव्हत्या. घर बी नव्हतं. सारं मी रचलेलं.

आमी ऊसतोडीला चाललो व्हतो. ट्रकमधी अठरा माणसं, भांडी, कोंबड्या. मला नववा. वाटंत कळा सुटल्या. ड्रायव्हर म्हणला माझ्या गाडीत घाण नको, आन् एका गावाच्या वेशीजवळ आमा दोघाला उतरवून दिलं. बाकीचे गेले. गावाचं नाव सांगत न्हाई, तिथं बी माणसंच राहतात. तुझा बाप दारोदार फिरला. लमाण म्हणलं की लोक आपल्या कोंबड्या मोजायचे. बाळंतीण म्हणलं की दार लावायचे. मी रस्त्याच्या कडंला बाभळीखाली बसून राहिले, आन् मला वाटलं आता इथंच दोघी संपणार. शेवटी एका म्हातारीनं उघडलं. घर न्हाई, गोठा. दिवस बुडायच्या आत तू झालीस.

आता ऐक. तुमच्या पाळकाला ठाऊक न्हाई, कारण तो कवा गोठ्यात बाळंत झाला न्हाई. खाली मुताचा चिखल असतो. थंडी असते. आन् बैल पाय कुठं टाकंल ते त्याचं त्याला ठाऊक नसतं. गव्हाण उंच असते. आतला कडबा कोरडा असतो. बैल तिथं तोंड घालतो, पाय घालत न्हाई. त्याच्या श्वासाची ऊब बी लागते. नम्रता बिम्रता काही न्हाई. लेकरू जगावं म्हणून ठेवतात. त्या पोरीला भेव वाटलं म्हणून तिनं ठेवलं. मी बी तुला तसंच ठेवलं. तू गव्हाणीत, आन् तुझा बाप बैलाची येसण धरून उभा, त्यानं डोकं झटकू नये म्हणून. हात सुजला तरी सोडली न्हाई. तवा तो रडला. ती पयली वेळ.

बावीस वर्षं मला लाज वाटली. लोकांना काय सांगू, पोरगी गुरांच्या चाऱ्यात निजवली? आन् तू लिहिलं की तुमचा देव बी तिथंच व्हता. ते पत्र मी चुलीत घालणार व्हते. हात पुढं गेला, परत आला. देव म्हणून कोणी तिथं काहून यावं ते मला कळत न्हाई. पण त्या गोठ्यात कोणीतरी यावं असं मला तवा लई वाटलं व्हतं. तुमच्या नाताळातलं मला एवढंच कळलं. जास्त शिकवू नको.

सकाळी मरियामाचा धूप जाळला. तो मी सोडणार न्हाई, ते बी आत्ताच सांगते. मग तुझ्या बापाला तुझं पत्र वाचून दाखवलं, मरायचं भेव वाटतं तिथपर्यंत. तिथं पत्र मिटलं. तो म्हणला, "जा तू. भीमसिंगला मी बघतो."

मी म्हणलं, "तू काय बघणार? त्याच्यापुढं कवा तोंड उघडलं का?"

त्यानं पिशवी उचलली आन् रस्त्यापर्यंत आला. भीमसिंग ओट्यावर दात घासत बसला व्हता, त्याच्या समोरून आला. मी एसटीत बसले तवा खिडकीतून माझ्या मांडीवर फोन टाकला. खिशातला फोन. म्हणला, "जावयाचा नंबर त्यात हाय." कवापासून हाय ते इचारायच्या आत गाडी निघाली.

थांब. फोन वाजून राहिला.


प्रेमदास व्हता. त्याला वाटलं तुझा बाप हाय. म्हणला, "मामा, कळा सुटल्या, पाणी गेलं. नांदेडला नेऊन राहिलो. याडीला सांगा आता, लपवू नका." म्हंजे सासरा जावई कवापासून फोनवर बोलून राहिलेत, आन् आपण दोघी पोस्टात मरून राहिलो! भांडायचं ठेवलंय त्याच्यासाठी. दोघांशी.

मी म्हणलं, "मीच याडी हाय. तिला दे."

तू नुसती कण्हत व्हतीस. भिऊ नको म्हणायचं व्हतं. पण मी काय देवदूत न्हाई, आन् तुला तर खोटं चालत न्हाई. म्हणून इचारलं संगं कोण हाय. तू म्हणलीस सुमनबाई. बरं झालं. तिला म्हणाव, या टायमाला धुणं ठेव, ते मी करीन.

नांदेडची एसटी लागली. कंडक्टर घंटी मारून राहिला. एसटीत चढता चढता लिहिते म्हणून अक्षर असं हाय, समजून वाच, एकदा चुकीचं वाचून लई झालं. लेकरू आडवं हाय का फिरलं, मी पोचेपर्यंत काय झालेलं असंल, काहीच ठाऊक न्हाई.

मी भ्याले, निता. लई भ्याले.

येऊन राहिले.

याडी